एक कीबोर्ड, तीन मालक आणि माझी खोली

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? इकडे सगळे खुशाल, मी सोडून. माझं डोकं फिरलंय.

मुलगा लोकांना घरांचे नकाशे काढून देतो, तुला ठाऊकच आहे. स्वतःच्या आईला मात्र जायच्या-यायच्या वाटेत झोपवलंय! "आई, चारच दिवस गं," म्हणत माझ्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. मागोमाग सुनेचा आला, मग नातीचा. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आणि तिघांत मिळून कीबोर्ड एक, माउस एक, दोन्ही बिनवायरचे! (तीन-तीन घेतले तर टेबलावर पसारा दिसतो म्हणे. आई वाटेत पसरलेली चालते.) कीबोर्डावर बटणं आहेत. एक दाबलं की तो मुलाचा, दोन दाबलं की सुनेचा, तीन दाबलं की नातीचा. दिवसभर "दे की!" "थांब की!" आपण सगळी भावंडं एका कंगव्यावर वाढलो, पण एवढा तमाशा नव्हता बाई.

परवा नात म्हणाली, "आजी, मावशीआजीला माझ्या कॉम्प्युटरवर पत्र लिही." एवढं बोलून गेली क्लासला. तीन दाबायचं कोण सांगणार? सून शेजारीच सगळ्या ऑफिसला आपला पडदा दाखवत होती, तेवढ्यात बेल वाजली म्हणून कीबोर्ड तसाच टाकून दाराशी गेली. मी लगेच ओढला. माझी शाळा चौथीत सुटलेली, मान खाली घालून एका बोटाने एकेक अक्षर वेचत होते. लिहिलं काय, तर "सून गोड आहे, पण माझी खोली गिळून ढेकरसुद्धा देत नाही."

"आई, अहो थांबा! सगळं ऑफिस वाचतंय!"

वर बघते तर नातीचा पडदा कोरा, आणि सुनेच्या पडद्यावर माझं मन मोकळं झालेलं! तिच्या साहेबीणबाई कॉम्प्युटरच्या आतून म्हणतात, "आजी, पुढे लिहा ना!" (गुणाची बाई. घरात इतक्या प्रेमानं मला कुणी विचारत नाही.)

संध्याकाळी पंचायत बसली. मला वाटलं, आता खोली मिळाली. कसलं काय! मुलगा म्हणतो, "आई, चूक आमचीच. तुला स्वतःचा कॉम्प्युटर हवा." आता चौथा येतोय, माझ्या नावाचा, माझ्याच खोलीत! त्याला जागा करायला माझं कपाट बाहेर येणार. वर सगळे माझ्याकडे बघतायत, म्हातारी खूश झाली का म्हणून. मेल्यांनो!

तुझी,
वाटेतली ताई

ता. क. मुलाला फोन करून सांग, महिनाभर राहायला येतेय. मावशीला वाटेत झोपवायची त्याची टाप नाही. खोली रिकामी झाली की मी आतून कडी लावते.

ता. क. दुसरा. खरोखरीची येऊ मात्र नकोस. खाट एकच आहे, आणि तू घोरतेस.