खणाचा कुर्ता

बेळ्ळंदूर, बंगळूर
४ नोव्हेंबर २०२५

ती. महानंदामावशीस,
रंजिताचा सा. न. वि. वि.

फोन न करता कपड्यांच्या पार्सलात चिठ्ठी घालतेय. तुझा फोन शिलाई मशीनशेजारी स्पीकरवरच असतो, आणि दुकानातल्या साऱ्या बायका ऐकतात. आईच्या कानावर गेलं तर बाबा मला उचलून निपाणीला नेतील.

तू शिवलेला खणाचा कुर्ता ऑफिसात कन्नड राज्योत्सवाला घातला. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही जरा मिरवून घेतलं. मग आमचे मॅनेजर गिरीराज खुर्चीमागे आले. गळ्याचा काठ हातानं लावलाय का, असं विचारत त्यांनी काठावरून बोट फिरवलं. मग मानेवरूनही. मला हलताच येईना. शेजारची प्रांजली नंतर म्हणाली की कपडे जपून घालत जा. ती स्वतः भर एप्रिलातही गळ्यापर्यंत चेन ओढून जाकिटात बसते. माझंच चुकलं असेल. या कुर्त्याचा गळा बंद कर, बाह्या मनगटापर्यंत कर. पार्सलातले बाकीचे दोन कुर्ते सैल करून दे.

शिवणीत तू माया सोडतेसच, माझ्यावरचीही तशीच राहू दे. चिठ्ठी फाडून टाक.
तुझी रंजिता

निपाणी
११ नोव्हेंबर

चि. रंजितास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. सांगितलंस तसं केलंय. उरलेल्या खणाच्या बाह्या जोडल्या, गळ्याला पट्टी लावली. आता तू आमच्या शाळेतल्या हेडबाई दिसशील. वरून ओढणी घे. एवढी चांगली नोकरी, स्वल्प सांभाळून राहा. आणि एक कर, त्या माणसाला सगळ्यांदेखत अण्णा म्हणून हाक मार. आपल्याकडे बहिणीचं नातं जोडलं की माणूस नजर खाली घालतो.

जेवत जा वेळेवर. मावशीची आठवण ठेव.
महानंदा

बेळ्ळंदूर
२० नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अण्णा म्हटलं. ते खूप हसले, आणि आता मला तंगी म्हणतात. धाकटी बहीण म्हणून सगळ्यांसमोर खांद्यावर हात टाकतात, कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. काल लिफ्टमध्ये दोघंच होतो. त्यांनी तू जोडलेली बाही चिमटीत धरली आणि हळूच विचारलं की हे सगळं माझ्यापासून झाकतेस का. तेव्हापासून मी जिन्यानं सात मजले चढते.

पुढच्या महिन्यात देवनहळ्ळीच्या रिसॉर्टवर मुक्कामाची मीटिंग आहे. माझं नाव त्यांनीच घातलं, आणि तंगी अण्णाच्याच गाडीतून येईल असंही जाहीर केलं. नाही म्हटलं तर नोकरी राहणार नाही, गेले तर काय होईल याचा विचारही करवत नाही. सकाळी कपाटासमोर तीन-तीनदा कपडे बदलते. काय घालू, सांग.

तुझ्या उत्तराची वाट पाहतेय.
रंजिता

निपाणी
२५ नोव्हेंबर

चि. रंजितास,
अनेक आशीर्वाद.

काय घालू हे विचारू नकोस. माझा धंदाच बायकांच्या अंगाला टेप लावायचा, तरी पडदा ओढून, लावू का म्हणून विचारल्याशिवाय मी कधी लावली नाही. दोष कापडात असता तर मी उसवून काढला असता. अण्णा म्हण, हे मीच सुचवलं आणि त्याला आयतंच कोलीत दिलं. त्याचा राग मला माझाच येतो.

ऑफिसात बायकांच्या अशा तक्रारींसाठी समिती असते, तिच्याकडे तक्रार दे. तुझ्या आईला सांगितलंय. ती रडली. बाबांनी तुला घेऊन यायला बॅग भरली होती, ती मी रिकामी करायला लावली. भीती मलाही वाटते गं. तो रस्त्यात गाठेल, नोकरी जाईल, लोक तुझंच नाव घेतील. चौकशीच्या दिवशी मी येऊन दाराबाहेर बसते.

मी आहे, हे विसरू नकोस.
मावशी

बेळ्ळंदूर
१२ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू बाहेर बसली होतीस तेव्हा आत काय झालं, ते तुला बसस्टँडवर लोकांत सांगता आलं नाही. समितीतल्या एका बाईंनी विचारलं की त्या दिवशी काय घातलं होतं. मी म्हटलं, मानेवर बोट फिरलं तेव्हा गळा उघडा होता, बाही चिमटीत धरली तेव्हा मी मनगटापर्यंत झाकलेली होते. मग त्यांनी विचारलं की तूच अण्णा म्हणायचीस ना. मी म्हटलं, हो, घाबरून.

निकाल अजून नाही. देवनहळ्ळीला मात्र मला आता जावं लागणार नाही, आणि गिरीराजांना दुसऱ्या मजल्यावर बसवलंय. मी अजून जिन्यानंच चढते. मागे पाऊल वाजलं की भिंतीला टेकून आधी वाट देते.

काल प्रांजली माझ्या खोलीवर आली. दोन वर्षांपूर्वी गिरीराज तिच्याही खुर्चीमागे असेच उभे राहायचे. जाकीट तेव्हापासूनचं आहे, मी एसीमुळे समजत होते. गुरुवारी तीही समितीसमोर जाणार आहे. दाराबाहेर बसायला तुझी मावशी येईल का, असं तिनं विचारलं. मग लाजत म्हणाली, मलाही एक खणाचा कुर्ता शिवून देतील का. मी टेप घेतली आणि तुझ्यासारखंच विचारलं, लावू का. मग तिनं जाकिटाची चेन उघडली.

तिचं माप सोबत आहे. गळा कसा हवा ते ती तुला स्वतः सांगेल. बुधवारच्या रात्रीच्या गाडीनं ये, तोवर तुझ्या मायेवर आम्हा दोघींचा हक्क राहू दे.
तुझी रंजिता