अहो म्हटल्यावर चौघं वळले

अहो,

त्या सकाळी मी अंगण झाडलं, म्हशीची धार काढली, तुमच्या अंघोळीचं पाणी काढून दिलं आणि तुमचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला. आदल्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात तुमच्या छातीच्या गोळ्यांची डबी होती. ती काढून खिडकीत ठेवली. इस्त्री झाली की नव्या शर्टात घालायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात डेअरीची वेळ झाली म्हणून किटली घेऊन गेले. परत आले तर डबी खिडकीत आणि तुम्ही साताऱ्याच्या गाडीला निघून गेलेले.

दोन वर्षं झाली त्याला. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. आज लिहिते, कारण रविवारी मी आपल्या सुनेला एक शब्द शिकवला आणि तेव्हापासून माझं मलाच कळेनासं झालंय.

सागर आणि शीतल कुपवाडहून आले होते. वाईहून तुमची बहीणही आली होती. आम्ही दोघी सोप्यात बसलो होतो, तर शीतलनं आतून हाक मारली, "सागर, तेवढा कुकर उतरव रे." सागर उठला आणि गेला. वन्सं माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वैनी, घरात नवरा हाय का गडी ठेवलाय गं? आमाला तर कळंना झालंय."

एवढंच. हसण्यावारी न्यायचं की नाही मी? पण माझे कानच तापले. मी आत गेले आणि म्हणाले, "शीतल, तिकडं कुपवाडात काय म्हणायचं ते म्हण. इथं चारचौघांत नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही, अहो म्हणायचं."

दुपारी तिनं सागरला "अहो" म्हटलं. तो मोबाइलमध्ये होता, त्याला कळलंच नाही. तिनं आणखी एकदा म्हटलं, जरा हळू. मग स्वतःच उठली आणि जे हवं होतं ते घेऊन आली.

तो आवाज तिचा नव्हता हो. ती "सागर" म्हणते तेव्हा घरभर ऐकू येतं. हा आवाज माझा होता. कुठून आला तिच्या गळ्यात? मी तर फक्त शब्द दिला होता.

आणि मला पलूसचं एसटी स्टँड आठवलं.

त्या दिवशी डबी मुठीत घेऊन मी स्टँडपर्यंत पळत गेले होते. फोन घरीच राहिला होता. गाडी लागलेली, दारात गर्दी, आणि तुमची पाठ दिसत होती. मी ओरडले, "अहो!" चौघं वळले. एक पटकेवाले म्हातारबा म्हणाले, "कोन, मी का व्हय?" बाकीचे हसले. तुम्ही तेवढे वळला नाहीत. मी पुन्हा "अहो" म्हटलं, पण आता लोक बघत होते म्हणून आवाज आपोआप खाली आला. गाडी गेली.

फौजेत हजेरीला नाव पुकारलं की गाढ झोपेतून उठायची सवय लागली, असं तुम्हीच सांगायचात ना? घरीसुद्धा तुमच्या आईनं नावानं हाक मारली की ताडकन उठून बसायचात. मग मी ते नाव का नाही घेतलं? निदान गावासारखं "मेजर" म्हणायचं. तेही सुचलं नाही.

घरी येऊन फोन लावला. तुम्ही म्हणालात, "अगं, साताऱ्यात मेडिकलात घेतो. त्यात काय एवढं?" गाडी कराडच्या पुढं गेली आणि तुम्ही सातारा बघितलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, गोळी असती तरी वाचला असता का, सांगता येत नाही. मी ते ऐकते, मान डोलावते, आणि परत स्टँडवर जाऊन उभी राहते.

हल्ली वाचनालयातून पुस्तकं आणते. सध्या एक आहे, माणसं जशी वागतात तशी का वागतात याचं. त्यात म्हटलंय की लाज कशाची वाटायची, कुणासमोर मान खाली घालायची, रडायचं मोठ्यानं की पदराआड, हे आपण भोवतालच्या माणसांकडून शिकतो, आणि शिकलोय हे विसरून जातो. मग ते आपला स्वभावच वाटायला लागतं. मला आधी पटलं नाही. मग वाटलं, उखाण्यात मी तुमचं नाव किती वेळा घेतलं. बायका जमल्या आणि यमक जुळलं की तेच नाव चालायचं. यमकाशिवाय ओठांवर आलं की पाप. गावातल्या देवाचं आणि तुमचं नाव एकच, म्हणून मी देवालासुद्धा कायम मारुतीच म्हणत आले. देव काय रागावणार होता?

अंबाल्याची क्वार्टर आठवते? "इथं आपलं गाव न्हाई, आई न्हाई. घे की एकदा नाव, कोण ऐकतंय?" म्हणाला होतात. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. हसत हसत मोरीत जाऊन बसले. गाव मागं राहिलं होतं, पण गळ्यात होतंच. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं. आणि माझं नाव तरी तुम्ही आईंसमोर कधी घेतलंत? "ऐकलं का" म्हणायचात, भिंतीकडं बघून.

पण एक सांगू? मला "अहो" आवडायचं. सगळं गाव मेजर म्हणायचं, "अहो" मी एकटीच. त्यात राग घालता यायचा, लाड घालता यायचे. आता भाजी परतताना चुकून तोंडात येतं आणि पुढं काय बोलायचं ते राहून जातं. मग हे पुस्तक म्हणतं तसं सगळंच शिकवलेलं असेल, तर ही मायासुद्धा शिकवलेलीच का? माझं स्वतःचं त्यात काय होतं? पान उलटून बघितलं, याचं उत्तर तिथं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तू जास्त वाचू नकोस." आणि दुसरं पुस्तक आणून दिलं असतंत.

मला सगळं समजलेलं नाही. लाजेनं गळा धरला की सवयीनं, की तुम्हाला ऐकूच आलं नसतं, काही ठरत नाही. पण शीतलला मी तो आवाज दिला, एवढं नक्की. उद्या तिला सागरला थांबवायची वेळ आली आणि चार भलतीच माणसं वळली तर?

म्हणून तुम्हाला शब्द देते. रविवारी जे मी तिला शिकवलं, ते मीच जाऊन परत घेईन. वन्संना काय म्हणायचं ते म्हणू देत.

तुमची,
सुमन

ता. क. पत्र घडी घालून ठेवलं होतं, उघडून एवढंच खाली लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सांगलीला आणि तिथून रिक्षानं कुपवाडला गेले. शीतल कामावर निघाली होती, तिला दारातच थांबवलं आणि स्टँडवरचं सगळं सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, बाबांचं नाव मी कागदांवर वाचलंय. तुमच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही."

मी म्हणाले, "हणमंत."