ड्रॅगनच्या आईचं काय झालं

कुंभार पिंपळगाव,
२४ जानेवारी २०२६

चि. शीतल हिस, हरिओमदादाचे अनेक आशीर्वाद.

लिहितो लिहितो म्हणत तीन आठवडे टाळलं, हे आधीच कबूल. तुमच्या वॉर्डन दुर्गाबाईंनी बारावीची परीक्षा होईपर्यंत फोन कपाटात कोंडले, तवा या हंगामातली एक जपानी ॲनिमे मालिका निवडून दर भागाची हकीकत कळवीन, असं मीच म्हणाल्तो.

पण निवडणं सोपं आहे का? चाळीस नव्या लागल्या. त्यातल्या नऊंत हिरो ट्रकखाली येतो अन् दुसऱ्या जगात राजा होतो. असं असतं तर आपल्या भोकरदन रोडनं किती राजे दिले असते. जीशानच्या ॲनिमेवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपात दोन दिवस भांडणं झाली. ज्यांनी एकही भाग पाहिला न्हाई, तेच जास्त बोलून राह्यले.

शेवटी टपाल वाटणाऱ्या म्हाताऱ्या ड्रॅगनची मालिका निवडली. आतापर्यंतचे तिन्ही भाग सोबत लिहिलेत. साऱ्या गावाची पत्रं वाटतो, पण स्वतःच्या आईला लिहायचं टाळतो. तिसऱ्यात ती मरते, जेवून वाच.

मी इथं मंडपवाल्याकडं आहे, कायमचा. तरी उत्तर राजूरला गणपतीच्या देवळापाशी रामप्रसादच्या नारळाच्या दुकानावर टाक. कुठंही असलो तरी चतुर्थीला तिथं असतोच. माया पातळ होऊ देऊ नको.

हरिओम

जालना,
३० जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझी पत्रं दुर्गाबाई आधी फोडून वाचतात, म्हणून सभ्य शब्दांत लिहिते.

तिन्ही भाग मी खोलीत मोठ्यानं वाचले. आई मेली त्या दिवशी कोणी नीट जेवलं न्हाई. मंग आमच्या खोलीतली आसिफा भावाच्या लग्नाहून आली. तिनं घरी सगळं पाहिलंय. ती म्हणाली, ड्रॅगनची आई ठणठणीत आहे, टपाल कचेरीसमोर फुलं विकते. ड्रॅगन ठेचा-भाकर खातो, हेही तिथं न्हाई. जपानात ज्वारी कधी पेरली, अशी शंका मला आल्तीच.

आता मुली मला थापाडी म्हणतात. परीक्षा तोंडावर, अन् गणिताच्या वह्याही कोणी देईना. अभ्यास सोडून हे काय चाललंय, असं विचारू नको; दहावी सोडून पळालेल्याच्या तोंडी शोभत न्हाई. खरं काय ते लिही, मी सगळ्यांसमोर वाचीन. माया आहे तेवढी आहे, वाढवायचं तुझ्या हातात.

शीतल

राजूर,
५ फेब्रुवारी

चि. शीतल हिस, उरलेसुरले आशीर्वाद.

मंडपवाल्याशी जमलं न्हाई. आता नारळं विकून राह्यलो.

हे मोठ्यानं वाच. मी पहिलाच भाग पाहिला. पुढचे दोन हिंडण्यात राहून गेले. रिकामं पाकीट पाठवायची लाज वाटली, म्हणून मनानं रचले. शीतलला यातलं काही माहीत नव्हतं. थापाड्या मी. आसिफाचं बिलकुल बराबर. भाकर आली कारण लिहिताना भूक लागल्ती.

राग ओसरला की माया चालू कर.

हरिओम

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात एक बाई दुकानासमोर उभ्या राह्यल्या. नारळ न्हाई घेतला. हरिओम तूच का, म्हणाल्या. दुर्गाबाई. संकष्टीच्या दर्शनाला आल्यात, दुकान त्यांना माझ्या पत्रातून कळलं. वाटलं, तुझं हॉस्टेल गेलं. पण हे पत्र त्याच घेऊन येतायत अन् मुलींना स्वतः वाचून दाखवणार आहेत. फक्त आसिफानं सांगितलेली फुलंवाली आई त्यांना नको, मी रचलेलीच हवी. त्यांचा एकच सवाल आहे: मरायच्या आधी ड्रॅगनच्या आईला त्याचं एखादं तरी पत्र पोचलं होतं का. मी म्हणालो, चौथ्या भागात कळतं. त्या तिथंच स्टुलावर बसल्यात, लिही म्हणतात.