तुरीवर अळी नाही, मामाजी

मामाजी, तुमच्याशी सरळ बोलायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होते तेव्हा सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही अशी आपल्या घरची रीत होती. ती मी पाळली आणि तुम्हीही पाळली. एकाच वावरात कितीतरी हंगाम काढले आपण, पण तुम्ही मला कधी हाक मारली नाही आणि मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही. सांगायचं ते तुम्ही ढवळ्या बैलाला सांगायचे आणि मी ऐकायची. तो बिचारा रवंथ करत उभा असायचा. आज जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले आहे. कागद वाया कशाला घालवायचा, आणि हे पोस्टात तर टाकायचं नाहीच.

लग्न होऊन आले तेव्हा मी मॅट्रिक झालेली होते. किड्याला सहा पाय असतात हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण तुरीवरची हिरवी अळी बोटाला लागली की अंगावर काटा यायचा. पहिल्या वर्षी तूर फुलावर आली तेव्हा बांधावर उभी राहून मी आत्याबाईंना म्हटलं, तूर चांगली दिसते. तुम्ही पलीकडे ढवळ्याला पाणी पाजत होते. "ढवळ्या," तुम्ही म्हणाले, "बांधावरून तं मी बी जवान दिसतो. सांग तिले, वावरात उतर, शेंडा वाकव अन् फुलात पाह्य." आत्याबाई पदराआड हसल्या. मी उतरले, डोक्याच्या वरचा शेंडा खाली वाकवला. पिवळ्या फुलात तोंड खुपसून एक अळी निवांत जेवत होती. मी ओरडले आणि धावत घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की तुरीवर लई अळी पडली. हे लगेच औषध आणायला मालेगावला निघाले. तुम्ही यांना थांबवलं आणि गोठ्यात जाऊन मोठ्यानं बोलले, मला चुलीपाशी ऐकू येईल असं: "एक अळी दिसली अन् आख्ख्या वावराले बिमार करून टाकलं, ढवळ्या. पाहिल्याबिगर अळी नाही म्हनू नये, अन् पाहिल्याबिगर अळी हाय बी म्हनू नये." भाकरी तव्यावर करपली त्या दिवशी. तुम्ही ती निमूटपणे खाल्ली.

परसातल्या वांग्यांची गोष्टही तशीच. पानं पिवळट पडली होती, वर धूळ बसल्यासारखी दिसत होती आणि मी दोन वेळा पाणी घालत होते. तुम्ही आले, डोक्यावरची टोपी काढून दगडावर ठेवली, एक पान तिच्यावर उलटं धरून टिचकी मारली. "याले कोळी म्हन्तेत, ढवळ्या. दिसाले धूळ दिसते, पन धूळ चालत नाही." ढवळ्या तेव्हा गोठ्यात होता, परसात नव्हताच. एवढं बोलून तुम्ही पाठ फिरवून उभे राहिले, म्हणजे मला पुढं येऊन वाकून पाहता यावं. पांढऱ्या कापडावर तांबडे बारीक ठिपके चालत होते. खरं सांगू, मला त्या कोळ्यांपेक्षा तुमचं उघडं डोकं जास्त आठवतं. सुनेसमोर तुम्ही टोपी कधी काढली नव्हती, आणि कपाळाचा टोपीखालचा भाग लेकराच्या अंगासारखा गोरा होता. ती टोपी माझ्याकडे आहे. धुऊन धुऊन विरली, पण वांग्याचं पान मी अजून तिच्यावरच झटकते.

तुरीच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायची, म्हणजे कणसांवर पाखरं येतात आणि कणसं संपली की कोतवाल, साळुंक्या ताटांवर बसून अळ्या वेचतात, हेही तुमचंच. फुलावर तूर आली की पाखरांना बोलवायला हळद लावलेला भात वावरात ठिकठिकाणी ठेवायचा, हेसुद्धा. शेजारच्या वावरातले भाऊजी तेव्हापासून चिडवतात, "काय वहिनी, वावरात सत्यनारायण हाय का?" एकदा एकादशीला मी अळ्या वेचायला गेले नाही. उपास धरायचा आणि जीव मारायचे, हे मला बरं वाटेना. तुम्हाला ते कळलं. "ढवळ्या, एकादशी मानसाले असते. कोतवालाले नसते. भात तं ठेव म्हना." तेव्हापासून एकादशीला मी फक्त भात ठेवते. पाप लागलंच तर ते कोतवाल आणि देव आपसात पाहून घेतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.

आता घरात मी एकटी. आत्याबाई तुमच्या आधी गेल्या, ढवळ्या तुमच्या मागोमाग गेला, आणि चार वर्षं झाली, तुमचा मुलगाही तिकडेच आला. तुमचा नातू पुण्याला नोकरीवर आहे. दिवसभरात माझं बोलणं होतं ते देवाशी आणि संध्याकाळी फोनवर. हरिपाठ म्हणते तेव्हा घरात माझाच आवाज मला मोठा वाटतो. दोन माणसांची भाजी करायची सवय सुटत नाही, मग उरलेली सकाळी खाते. वाया काही जाऊ देत नाही. खर्चाची वही रोज लिहिते, पण पाखरांच्या भाताचे तांदूळ तिच्यात मांडत नाही. ते घरच्या जेवणातलेच धरते.

परवा गुरुवारी महालक्ष्मीची पूजा उरकून बसले तर तुमच्या नातवाचा फोन आला. "आई, कायले करून राह्यली एकटी हे सगळं? पाडव्याले वावर ठोक्यानं कोनाले कसाले देऊन टाक. घराले कुलूप लाव अन् इकडं ये. अन् या महिन्यात तरी चार दिवस येऊन पाह्य, कसं वाटते तं." त्याचं बोलणं मायेचंच आहे. पण मी त्याच्या घरी राहून आले आहे. खिडकीतून खाली पाहिलं की गाड्यांचे टप दिसतात. तो आणि सून, दोघं सकाळी जातात, रात्री येतात. तिथंही मी एकटीच असते, आणि वाकवून पाहायला शेंडा नसतो. हे त्याला सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हटलं, "आता कशी येऊ? तुरीवर अळी पडली."

"कोनती?"

"शेंगा पोखरनारी."

"लई हाय का?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, "बरं, मी येतो रविवारी. फवारून देतो. पंप चालू हाय ना?"

पंप चालू आहे, मामाजी. अळी नाही. फोन ठेवल्यावर उजाडायची वाट पाहिली आणि वावरात गेले. पाहिल्याबिगर म्हटलं होतं, म्हणून निदान मागून तरी पाहावं. प्रत्येक ओळीत उतरले, शेंडे वाकवले, हात फुलांच्या पिवळ्या पुडीनं भरले. कुठंतरी एखादी सापडली, तेवढीच. एरवी इतकी स्वच्छ तूर पाहून मी देवाला हात जोडले असते. काल सकाळी मला रडू आलं. रविवारी तो येईल आणि आधी शेंडा वाकवेल. लहान होता तेव्हा त्याचा हात पुरत नसे, तर तुम्हीच त्याच्यासाठी वाकवून धरत होते. तो काही विसरलेला नाही.

आता जे लिहिते ते कोणाला सांगण्यासारखं नाही. काल दुपारी मी रिकामा डबा घेऊन भाऊजींच्या वावरात गेले. त्यांच्या तुरीत ज्वारी नाही, आणि शेंगांवर अळ्या आहेत. डबाभर वेचल्या. भाऊजी बांधावर तंबाखू चोळत उभे होते. "वहिनी, अळ्याईचं लोनचं घालता का?" म्हटलं, "पाखराईले नेते." मग आपल्या वावरात आले आणि बांधाजवळच्या झाडांवर एकेक करून सोडल्या. या हातांनी, मामाजी. जन्मभर वेचल्या आणि काल सोडल्या. अजून डबा रिकामा झाला नव्हता तोच ज्वारीच्या ताटावरून कोतवाल उतरला. मग दुसरा आला. मागून साळुंक्या आल्या. मी हुसकावलं, पदर हलवला, हातवारे केले, पण ती पाखरं मला कशाला भितील? मी त्यांना भात घालणारी बाई. थोड्या वेळात त्या झाडांवर एक अळी राहिली नाही. मी बांधावर बसून हसले, तुमच्या समोर कधी हसले नव्हते तशी, मोठ्यानं. भाऊजी पाहत होते.

उद्या रविवार. तो ट्रॅव्हल्सनं मालेगावला उतरेल आणि तिथून येईल. त्याच्या आवडीचं वांगं काढून ठेवलं आहे. तो शेंडा वाकवून पाहील आणि विचारेल, आई, अळी कुठं हाय? तेव्हा मला सांगायचं आहे की अळी नाही, मला तिकडं यायचं नाही, तूच असा मधून मधून येत जा. वाक्य तयार आहे, सकाळपासून घोकते आहे. पण पोराच्या तोंडाकडे पाहून ते माझ्यानं बोलवेल असं वाटत नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर गोठ्यात जाऊन उभी राहिले होते. तिथं आता सरपण भरलेलं आहे. ढवळ्याच्या रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून एकदा म्हणून पाहिलं, तर सगळं नीट म्हणता आलं.