सचिनच्या शेडमधली शांतता

रविवार, संध्याकाळ. गोडादरा.

आज आम्ही दोघं सचिनच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन आमची शेड बघून आलो. गेल्या महिन्यात शॉर्टसर्किटने चारही माग जळाले, त्यानंतर मी पहिल्यांदाच गेले. किती शांत होतं तिथे! मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं आम्ही ओरडूनच बोलायचो. आज सुरेश हळूच म्हणाला, "आते कसं व्हई?" आता कसं होणार, एवढंच. नवऱ्याचाच आवाज, पण मला अनोळखी वाटला.

पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरत होतं, त्यात राखेची धूळ तरंगत होती. सुंदर दिसत होतं. नुकसान असं सुंदर दिसावं का?

सुरेशचं म्हणणं, म्युच्युअल फंड मोडू आणि चारही माग पुन्हा घेऊ. तो फंड म्हणजे लग्नापासून म्हातारपणासाठी साठवलेलं सगळं. मी म्हटलं, "विम्याच्या पैशात दोन येतील, दोनच घेऊ. पुन्हा आग लागली तर निदान म्हातारपण तरी जळणार नाही."

तो जळक्या मागावरची राख बोटाने पुसत राहिला. पुन्हा तीच शांतता. मीच त्याची हिंमत मोडतेय का? मग म्हणाला, "बरं. दोन."

येताना स्कूटरवर त्याने विचारलं, "म्हातारपणी एवढ्या पैशाचं करायचं काय?"

मी त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. डोळ्यांपुढे एक खोली आली, वाऱ्याने हलणारे पांढरे पडदे, कुठे जायची घाई नाही.

"उशिरा उठायचं," मी म्हटलं.

तो इतका हसला की स्कूटर हलली.