अर्धी मात्रा मागे

३ नोव्हेंबर, चिखले

आले एकदाची. दोन खोल्या, मागे चिकूची वाडी, पाच मिनिटांवर समुद्र आणि मोबाइलला भरभरून रेंज. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या चहा दिला आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीत संपवलं. अंधेरीतला स्टुडिओ बंद पडला तेव्हा आई म्हणाली होती, शितल, आता तरी साधी नोकरी बघ. बघितली नाही. पंधरा वर्षं लोकांच्या गाण्यातला खोकला काढलाय, आता तेच काम समुद्राकाठी करीन.

काम मजेचं आहे. अच्छाडला जिग्नेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तो कीबोर्ड वाजवतो. आगरचा चंदर ढोलकीवाला, एरवी बोटीवर असतो. आणि तलासरीच्या पुढे एका पाड्यावर राहणारी मैना गाते, दिवसा मजुरीला जाते. तिघं एका वेळी एका जागी जमणं अशक्यच. म्हणून जो तो आपापल्या फोनवर आपला भाग रेकॉर्ड करून सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकणार आणि मी ते जोडणार. लग्नांचा सीझन तोंडावर आलाय, त्याआधी हळदीचं एक नवं गाणं तयार करायचंय. चाल मैनाची स्वतःची आहे.

५ नोव्हेंबर

आज मास्तरीण झाले. कागदावर नियम लिहून ग्रुपवर फोटो टाकला. ठेका इअरफोनमधून ऐकायचा, स्पीकरवर नाही. गाण्याआधी चार टाळ्या वाजवायच्या, त्यावरून मी सगळ्यांचे आवाज एका रेषेत लावते. टाळ्यांच्याही आधी अर्धा मिनिट गप्प बसायचं. त्या अर्ध्या मिनिटात खोलीचा जो काय आवाज असेल, पंखा, कोंबड्या, लाटा, तो मला ओळखता येतो आणि पूर्ण गाण्यातून काढून टाकता येतो. फाइलला तारीख आणि नाव द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ फाइल कुणी कधीही पुसायची नाही. त्याखाली मी दोन रेघा मारल्या.

जिग्नेशने लगेच ‘फायनल’ नावाची फाइल टाकली, तासाभराने ‘खरं फायनल’. कप्पाळ माझं. चंदरच्या अर्ध्या मिनिटात दोन बायका बोंबलावरून कडाकडा भांडतायत. ते काढताना मला वाईट वाटलं, गाण्यापेक्षा तेच रंगलं होतं.

९ नोव्हेंबर

मैनाच्या फाइली आल्या, अकरा. काय आवाज आहे बाईचा. जाडसर, उन्हात वाळवल्यासारखा, आणि कुठे दाखवेगिरी नाही. मी दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा ऐकताना रडले, खोटं कशाला बोलू.

पण नियमाच्या नावाने बोंब. अर्धा मिनिट सांगितलं तर बाई तीन-तीन मिनिटं गप्प बसते. आणि तिच्या मागे आणखी कुणीतरी गातंय. अगदी बारीक, अर्धी मात्रा मागे. म्हटलं हिने ठेका स्पीकरवर लावलाय, तोच परत शिरलाय. फोन केला तर हळूच म्हणाली की इअरफोनच लावते. मी तिला जरा चिडवलं, म्हटलं मग घरात भूत गातंय का.

१२ नोव्हेंबर

जमलं. तिच्या गप्प बसण्याच्या भागात तो बारीक आवाज पुरेसा सापडला. एक नाक ओढल्याचा, एक गुणगुणल्याचा. तेवढा नमुना घेतला आणि अकराही फाइलींतून उपसून काढला. आता मैनाचा आवाज असा स्वच्छ झालाय की बस.

फोल्डर भरून वाहत होता. तिच्या जुन्या फाइली पुसून त्या जागी साफ केलेल्या ठेवल्या आणि कचऱ्याची पेटीही रिकामी करून टाकली. नियम माझाच होता, मान्य. पण साफ केलेलं हातात असताना कळकट कोण ठेवतं? गाणं जोडून सगळ्यांना पाठवलं. जिग्नेशने नाचणारी चित्रं पाठवली.

१३ नोव्हेंबर

दुपारी मैनाचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, माझ्यामागं जी गात होती ती कुठं गेली? मी तिला फुशारकीने समजावू लागले की कसा आवाज काढला. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मग जिग्नेशने सांगितलं. मैनाची एकुलती एक पोर, बारकी. सात वर्षांची होती. तापाने गेली, दोन पावसाळे झाले. आई लग्नात गायला बसली की ही मागे बसायची, आईच्या ओठांकडे बघून गायची, म्हणून कायम अर्धी मात्रा मागे. ती गेल्यावर मैनाने गाणं सोडलं होतं. गेल्या वर्षी जिग्नेशच्या फोनवर सहज एक ओळ गायली आणि रेकॉर्डिंगमध्ये मागे पोर ऐकू आली. तेव्हापासून ती ग्रुपसाठी गाते. तीन मिनिटं गप्प बसायची ती, पोर येऊन मागे बसेपर्यंत. तिच्या फोनमध्ये जागा नसते, फोल्डरमध्ये टाकलं की ती फोनमधून पुसते. आधीची रेकॉर्डिंगं जिग्नेशच्या जुन्या फोनबरोबर गेली. त्या अकरा फाइलींत होती तेवढीच बारकी तिच्याकडे होती.

मी काय करून बसले. जेवले नाही आज.

१५ नोव्हेंबर

पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय करून झाले, काहीही आलं नाही. मैनाने पुन्हा गाऊन पाठवलं. मागे कुणी नाही. तीन मिनिटांच्या शांततेत कोंबड्या आहेत, वारा आहे, आणि शेवटी तिचा एक उसासा.

संध्याकाळी चंदरला चाल दाखवायला म्हणून मीच दोन कडवी गायले आणि रेकॉर्ड केली. इअरफोन लावून ऐकली.

माझ्या मागे आहे. अर्धी मात्रा मागे. नाक ओढते, मग गाते.

मी तिला तिथून काढलं, आणि काढलेली ती माझ्याकडे राहिलीय.

१६ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग चालू ठेवून गायले आणि मध्येच थांबले, बघायला. ती एक शब्द पुढे गेली. मग थांबली. मग रडायला लागली. गर्दीत आईचा पदर सुटलेलं पोर रडतं ना, आधी हळू, मग घाबरून. मी पुन्हा गायला लागले तेव्हा गप्प झाली.

फाइल मैनाला पाठवली. तिला त्यात फक्त मी ऐकू येते. अशी नाही जायची ती. तिला न्यावं लागणार.

१८ नोव्हेंबर

जिग्नेश बाइक घेऊन आला. मी मागे बसले, कानात इअरफोन, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू, आणि चिखल्यापासून गात निघाले. घोलवडला लोक बघत राहिले. बघू देत. रेल्वेच्या फाटकाशी थांबावं लागलं तेव्हा घसा कोरडा पडला, पण तोडलं नाही. ती येत होती. एका वळणावर मागे पडली असं वाटलं, मी संथ केलं, मग आली.

मैना दारात उभी होती. मी चार टाळ्या वाजवल्या, मैनाने माझ्या तोंडातून ओळ उचलली आणि मी गप्प बसले. एक इअरफोन तिच्या कानात दिला. मागून आली पोर. मैना मटकन खाली बसली, पण गाणं सोडलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती गात होती. जिग्नेश बाहेर जाऊन उभा राहिला.

मला वाटलं, सुटले. परत घरी आले.

१९ नोव्हेंबर

जिग्नेशचा फोन आला. मैना थांबलेली नाही. काल दुपारपासून गातेय. पाणी पीत नाही, कारण घोट घ्यायला थांबलं की पोर रडते.

२० नोव्हेंबर

उपाय काढला, आमचाच नेहमीचा. ग्रुप कॉल लावून ठेवला. जो गाईल त्याच्या मागे ती येते, हे कळलं. म्हणून पाळ्या लावल्या, दोन-दोन तासांच्या. पाळी बदलताना चार टाळ्या. मी, जिग्नेश, चंदर, मैना. जिग्नेशला सूर नाही, तरी ती त्याच्या मागेही गाते, बेसूरच गाते. हसू आलं, खरंच. मैना आज भात जेवली.

हे किती दिवस चालायचं ते कुणी विचारत नाही.

२२ नोव्हेंबर

चंदरची बोट निघाली. चार दिवस रेंज नाही. उरलो तिघं.

जिग्नेशचा आवाज बसलाय, दुकान बंद आहे. मैनाच्या घशातून नुसती हवा येते. मी झोपेतही गाते असं घरमालकीणबाई म्हणाल्या. बाई आता दारात येत नाहीत.

मैनाला मी म्हटलं, एकदा तिला रडू दे, रडून शांत होईल. रडू देण्याइतकी तू तिची कोण, असं ती म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर

पाळी संपल्यावर मैना बोलली. कुजबुजल्यासारखं, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

“माझे पोरीला किती दिस लोकांचे मागं फिरवू, ताई?”

मग म्हणाली, आज अंघोळ करते, केस विंचरते, पोटभर झोपते. उद्या अकरापर्यंत तू आणि जिग्नेश धरा. उद्यापासून मीच घेईन तिला.

बरं वाटलं तिला. आवाजच वेगळा होता.

२४ नोव्हेंबर

अकराला मैनाच्या टाळ्या यायच्या होत्या. नाही आल्या. साडेअकरा. गाता गाता लिहितेय. जिग्नेश गेलाय बघायला —

बारा. तिसरं कडवं, पुन्हा पहिलं. ती आहे मागे. दमलीय तीही —

जिग्नेश बोलला. मैना झोपेतून उठलीच नाही. केस विंचरलेले, तेल लावलेलं. अंग कधीचंच गार. तो रडतोय. म्हणतोय थांबा आता, कुणासाठी गाताय, जिची होती ती —

बरोबर आहे त्याचं. आई गेली तिच्याकडे. आता दोघी सुटल्या. थांबते —

थांबले.

रडणं. लगेच. पण एकटं नाही. एक लहान आणि एक —

पुन्हा धरली ओळ. गप्प झाल्या.

आता मागे दोघी आहेत. बारकी अर्धी मात्रा मागे, आणि तिच्याही मागे, बसलेल्या घशाने — मैना, तू पुढे गायचंस गं, ती तुझ्या ओठांकडे बघून — तू मागे कशी —

तिलाही रस्ता माहीत नाही. दोघी माझ्याकडेच बघून —

दोन वाजले. जिग्नेश कॉलवर नाही. घसा — पाणी समोर आहे, एक घोट, पण तेवढ्यात त्या —

नाही गं. नाही थांबत. आहे मी. पण माझ्यानंतर ही ओळ कोण ध