काही खाऊ नका

३ ऑक्टोबर, झोंबा, मलावी

मी पुन्हा म्हणाले, "ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून काही खाऊ नका." तिसरी खेप. आधी दोनदा मागे कोंबडा आरवला; आताही आरवला, तसाच ठेवला. मोबाईल डॉक्टर म्सोसांनी धरला होता. "सिस्टर, हसू नका. भूल देणारं माणूस गंभीर दिसलं पाहिजे."

तीन मिनिटांचा व्हिडिओ, आपल्या चिचेवा भाषेत. इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ दाखवून पाहिले होते. पांढऱ्या चादरी, एकेकीला एकेक खोली, सगळं इंग्रजीत. मागच्या महिन्यात एक बाई ते बघून घरी निघून गेली. "एवढी यंत्रं तुमच्याकडे कुठायत?" – खरंच होतं.

सहाला घरी. दिवसभर काही खाल्लं नाही. दुपारी दोन उकडलेली रताळी आणि चहा, तेवढंच. आता मक्याचं पीठ घोटून न्सिमा टाकते.

९ ऑक्टोबर

व्हिडिओ बाजारात पोचला. सुकी मासळी विकणारी मला बघून ओरडली, "आली बघा, खाऊ-नका-बाई!" बरं वाटलं. कबूल करते.

१४ ऑक्टोबर

आगोगो एनिफा दाखल झाल्या. गळ्याची गाठ काढायची आहे. सगळा वॉर्ड त्यांना आजी म्हणूनच हाक मारतो. सोबत मुलगी मारिता. ती बाहेर, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बांधलेल्या छपरात राहते, तिथेच रांधते. व्हिडिओ तिला तोंडपाठ. माझ्याच आवाजात म्हणून दाखवला. त्या मेल्या कोंबड्याच्या आरवण्यासकट.

१५ ऑक्टोबर

सकाळी आठला टेबलावर घेतलं. विचारलं, "आगोगो, काही खाल्लंत?"

"कुठलं गं. काल दुपारपासून न्सिमा डोळ्यांनी पाहिला नाही. शुद्धीवर आले की दोन गोळे एकदम देशील ना?"

मी हसले. भूल दिली.

ओकारी झाली. सगळं फुप्फुसात गेलं. नळीने ओढत होते ते पांढरं, तंतूतंतूचं. कसाव्याचा कंद.

१६ ऑक्टोबर

श्वास यंत्रावर. छपरात जाऊन मारिताला गाठलं. आईला काय दिलंस?

"काही नाही, सिस्टर."

पहाटे तिच्या तोंडात काय गेलं?

"थोडा कसावा. दुधाचा चहा. पण खायला नाही दिलं हो. तुम्ही सांगितलं होतंत ना."

डोळ्यांत लबाडी नव्हती.

१७ ऑक्टोबर

आगोगो दुपारी गेल्या. मारिता रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझी आई उपाशी गेली, सिस्टर."

संध्याकाळी अहवाल तयार होता. "नातेवाइकांनी सूचना पाळल्या नाहीत." डॉक्टर म्हणाले, "सही करा. वाईट झालं. पण खायला घालणारी ती, तुम्ही नाही." केली सही. आता गावात तिला आईला मारणारी म्हणतील. तिचे काका लोक उद्या कागद वाचूनच प्रेत नेणार आहेत.

झोप नाही म्हणून ही वही मागे चाळली. तीन तारीख. "दिवसभर काही खाल्लं नाही." पुढे रताळी, चहा.

वीस वर्षं भूल देते आहे. मीही तेच लिहिलं. व्हिडिओ ज्या दिवशी केला त्याच दिवशी.

न्सिमा नाही तर आपल्याकडे ते खाणंच नाही, हे मला कोणी शिकवायची गरज होती का? परदेशी व्हिडिओंना मी हसत होते.

१८ ऑक्टोबर

सकाळी काका यायच्या आत अहवाल परत मागून घेतला. ते वाक्य खोडलं. वर लिहिलं – "सूचना पाळल्या होत्या. सूचना चुकीची होती. ती मी दिली." सही केली.